दिवाळी आली की माझं पुष्पक डावीकडेच झोपतं – तीन वर्षांनी सापडलेलं कारण

आधी प्रॉब्लेम सांगतो, म्हणजे ज्यांचा सेम आहे त्यांनी पुढे वाचावं आणि बाकीच्यांनी आपलं रबर पिळायला घ्यावं. पिळलेल्या रबरावर उडणारं माझं छोटं मॉडेल विमान हातातून सोडलं की पहिले दोन सेकंद झकास, मग डावा पंख हळूच खाली जातो, नाक त्याच्या मागे, गिरकी लहान लहान होत जाते आणि धप्प. रबरात अजून अर्धा पीळ शिल्लक असतो आणि प्रोपेलर गवतात फडफडत असतो. रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे जरासा वाकवला की बरं होतं, महिनाभर छान उडतं, आणि पुढच्या सीझनला पहिल्याच दिवशी पुन्हा तेच. सलग तीन दिवाळ्या!

विमान म्हणजे आपल्या एचएएल ह्या विमान कंपनीचं पुष्पक, पीनट साइजचं. नवीन लोकांसाठी, पीनट म्हणजे पंखाची लांबी जास्तीत जास्त १३ इंच, बाल्साच्या काड्यांचा सांगाडा, वरून टिश्यू म्हणजे पातळ कागद आणि आत मोटर म्हणून पिळलेलं रबर. खरं पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं, पंख ३६ फुटांचा, म्हणजे आपलं मॉडेल साधारण १/३३. बहुतेक जण पहिलं पीनट पायपर कब नाहीतर तो खोक्यासारखा लेसी एम-१० बनवतात आणि त्यात काही चूक नाही, पण पुष्पक डॉ. विष्णू घाटगे यांच्या टीमचं, जर्मनीत प्रांटल ह्या वायुगतीच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला आपला माणूस, आणि आपल्या फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी पायलट ह्याच विमानावर शिकले, मग मी म्हटलं करायचं तर हेच. वर पंख, सरळ आयताकृती, पंखाखाली व्ही आकाराच्या दांड्या. त्या दांड्या लक्षात ठेवा, त्यांनीच मला वर्षभर फसवलंय. वजन रबराशिवाय ११ ग्रॅम, जरा जड आहे, मान्य.

पहिल्या वर्षी मी सरळ टॉर्कच्या नावाने पावती फाडली. कारण पुस्तकी ज्ञान तेच सांगतं, प्रोपेलर मागून बघितला तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्याची उलट प्रतिक्रिया बॉडीवर येते आणि विमान डावीकडे कलतं. पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबरावर ११ सेकंद विमान उडवून दाखवलं तेव्हापासून रबरवाल्यांच्या मागे हे शुक्लकाष्ठ आहेच. म्हणून मी रडरची मागची कड उजवीकडे वाकवली. उडालं. खूश. फक्त एक गोष्ट तेव्हा दिसूनही दुर्लक्ष केलं की रबर संपल्यावर ग्लाइडमध्ये ते उजवीकडे गरगर फिरत खाली यायचं. म्हटलं उतरतंय ना, बास.

दुसऱ्या वर्षी पुन्हा डावीकडे. तेव्हा थोडी अक्कल आलेली, म्हणून रडर सरळ केला आणि नोज ब्लॉकच्या (प्रोपेलर धरणारा नाकातला ठोकळा) डाव्या बाजूला व्हिजिटिंग कार्डाची पाचर घातली, म्हणजे प्रोपेलरचं तोंड जरा उजवीकडे. नोज ब्लॉक ३० मिमी रुंद असेल तर १ मिमीची पाचर म्हणजे जवळजवळ २ अंश होतात, एवढं लक्षात असू द्या, कारण लोक तीन-तीन मिमी घालतात आणि मग विमान खेकड्यासारखं जातं. थोडा फरक पडला. मग अजून एक पाचर. मग अजून एक. शेवटी पूर्ण पीळ दिला की ठीक आणि अर्धा पीळ दिला की उजवीकडे आणि उन्हं वर आली की परत डावीकडे, असला काहीतरी भूतबाधा झाल्यासारखा प्रकार. एकदा तर बायको म्हणाली, लिंबू-मिरची बांध त्याला. बांधली असती, पण वजन वाढलं असतं.

तिसऱ्या वर्षी वही घातली. प्रत्येक उड्डाणाला वेळ, किती पीळ, किती सेकंद, कुठल्या बाजूला गेलं आणि दोनशे-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या त्या छोट्या डिजिटल मीटरवर हवेतली आर्द्रता. आम्ही बदलापूरला राहतो, मैदानावर सकाळी साडेसहाला पोचतो कारण नंतर पोरं क्रिकेटला येतात. नोव्हेंबरमध्ये साडेसहाला मीटर ८५ च्या आसपास दाखवायचा आणि साडेनऊला ४५-५०. आता वहीत काय दिसलं बघा: पहिली दोन उड्डाणं सरळ. तिसरं जरा डावीकडे. पाचवं-सहावं डायरेक्ट गिरकी. पाचर तीच, रडर तोच, पीळ तेवढाच.

इथे माझी ट्यूब पेटली. रबर सकाळपासून पिळून पिळून थकत जातं, म्हणजे पाचव्या उड्डाणाला टॉर्क पहिल्यापेक्षा कमीच असणार. दोष टॉर्कचा असता तर विमान सकाळी डावीकडे जायला हवं होतं आणि नंतर सुधारायला हवं होतं. होत होतं बरोब्बर उलटं. म्हणजे तीन तासांत दुसरंच काहीतरी बदलत होतं, आणि वहीत बदलणारा दुसरा आकडा एकच, आर्द्रता.

पंख वाळत होता आणि वाळता वाळता मुरडत होता. (वार्पला मी मुरड म्हणतोय, पीळ म्हटलं की रबराच्या पिळाशी घोळ होतो.)

कागद दमट हवेत ओलावा पितो आणि सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं, संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरालासुद्धा माहीत असतं. पण दोन्ही पंख सारखेच ताणले गेले तर काही बिघडत नाही. बिघडतं ते एक पंख जास्त ताणला गेला तर. माझ्या डाव्या पंखाला पहिल्याच वर्षी बाभळीच्या काट्याने भोक पडलं होतं, टोकाजवळ, वरच्या बाजूला. मी मस्त ठिगळ लावलं आणि ठिगळ दिसू नये म्हणून त्याच्यावर डोपचे (कागद ताणून धरणारं लॅकर) दोन हात जास्त मारले. तो डोप वाळला की आवळतो, आवळला की मागची पट्टी म्हणजे ट्रेलिंग एज टोकाकडे वर उचलली जाते. डाव्या पंखाची मागची कड वर म्हणजे त्या बाजूला लिफ्ट म्हणजे वर उचलणारा जोर कमी, म्हणजे डावीकडे लोळण. त्यात भर म्हणजे डाव्या पंखाची ट्रेलिंग एज मी वेगळ्या शीटमधून कापलेली, ते लाकूड उजवीकडच्यापेक्षा मऊ. आमच्याकडे बाल्सा इक्वाडोरहून कुठून कुठून फिरत येतो आणि हातात येईल ते घ्यावं लागतं, पण निदान दोन्ही ट्रेलिंग एज एकाच शीटमधून शेजारी शेजारी कापायला मला कोणी अडवलं नव्हतं.

दर दिवाळीलाच का, तर चार महिने पावसाळ्यात विमान कपाटावर. कागद सैल, बाल्सा दमट, रडरला दिलेला बाक पण हळूहळू सरळ होऊन जातो. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं, सगळं एका आठवड्यात वाळतं आणि पंख नव्याने मुरडतो. म्हणजे औषध गायब आणि रोग ताजा. आणि आपण आपले पुन्हा टॉर्कला शिव्या घालत बसलेलो.

आता मुद्दा असा की मुरड टॉर्कचं सोंग इतकं बेमालूम का घेते. मुरडलेल्या पंखाचा जोर वेगावर अवलंबून असतो, तोही वेगाच्या वर्गावर, म्हणजे वेग १.४ पट झाला की जोर दुप्पट. ग्लाइडमध्ये विमान हळू असतं म्हणून मुरड गप्प बसते. पूर्ण पीळ देऊन सोडलं की पहिल्या झटक्यात वेग वाढतो आणि तेव्हाच ती डोकं वर काढते, नेमका टॉर्कही तेव्हाच सगळ्यात जास्त. मग माणूस फसणारच.

दोघांना वेगळं करायची एक फुकटची टेस्ट आहे आणि ती मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. रबर काढू नका (वजन बदलेल), फक्त पीळ देऊ नका. उंच गवतावर आधी विमान नेहमीसारखं हळू सोडा, नाक जरासं खाली, फेकायचं नाही, ढकलायचं. सरळ जातंय? आता तेच थोडं जोरात सोडा. हळू सोडलं तेव्हा सरळ आणि जोरात सोडलं तर डावीकडे, तर टॉर्कचा काही संबंधच नाही कारण प्रोपेलर ओढतच नाहीये. मुरड आहे नाहीतर रडर-शेपूट वाकडी आहे. दोन्ही वेळा सरळ जात असेल तर मात्र पीळ द्यायला लागा, आधी १५०, मग ३००, मग ४५०, आणि ज्या आकड्याला डावीकडे जायला लागेल तिथे थांबून पाचर घाला. हे जोडीने करा, एकाने सोडायचं आणि एकाने मागून बघायचं, एकट्याला आपलंच विमान नेहमी सरळ गेल्यासारखं वाटतं.

ह्यातून माझ्यापुरता एक नियम झाला: रबर ओढत असताना जे वाकडं होतं ते पाचरीने, ग्लाइडमध्ये जे वाकडं होतं ते रडर आणि पंखाने. रडरने टॉर्क मारायला गेलात तर टॉर्क संपतो पण रडर तसाच राहतो, म्हणून माझं विमान पहिल्या वर्षी ग्लाइडमध्ये उजवीकडे गरगरायचं.

मुरड मोजायची कशी? स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर. घरात त्याच्यापेक्षा सपाट जागा नाही, फक्त डाळ शिजत नसताना जा. पंख सुटा होत असेल तर एकेक बाजू ओट्यावर दाबून टोकाशी ट्रेलिंग एजखाली पोस्टकार्डाचे तुकडे सरकवा, किती बसतात ते मोजा, तेच दुसऱ्या बाजूला. माझ्या डाव्या टोकाला २ मिमी निघालं, पंखाची रुंदी ४५ मिमी, म्हणजे जवळजवळ अडीच अंश. उजवीकडे अर्धा मिमी. आणि ही तपासणी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा, नायतर माझ्यासारखं सकाळी सातला मोजून पंख सरळ आहे म्हणून निश्चिंत व्हाल. पंख चिकटवलेला असेल तर विमान हातभर लांब धरून मागून एक डोळा मिटून बघा, दोन्ही ट्रेलिंग एज स्पारच्या (पंखातली मुख्य लांब काडी) रेषेला सारख्या दिसतात का. डोळ्याला १ मिमी सुद्धा कळतो, सवय लागली की.

आता दांड्यांची गंमत. दुसऱ्या वर्षी मला मुरड दिसली नव्हती असं नाही, थोडी दिसली होती, आणि मी ती वाफेवर काढली पण होती. कुकरची शिट्टी काढून त्या वाफेवर पंख धरायचा, उलट्या बाजूला थोडा जास्तच मुरडायचा, बाजूला घेऊन गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. हे काम करतं. पण मी हे केलं पंखाखालच्या दांड्या चिकटलेल्या असताना! पुष्पकची मागची दांडी पंखाच्या मागच्या भागाला खालून टेकते, आणि डावीकडची मी मापापेक्षा एखाद मिमी लांब कापली होती. म्हणजे वाफेने पंख खाली आणला तरी दांडी त्याला परत वर ढकलत होती. दोन दिवसांत जैसे थे.

तर शेवटी केलं ते असं. चारही दांड्या कापून काढल्या. डाव्या पंखाच्या टोकाकडच्या तीन खणांचा (दोन आडव्या काड्यांमधली जागा म्हणजे खण) कागद, ठिगळासकट, सोलून काढला. थिनर लावलेल्या ब्रशने कडा भिजवल्या की जुना डोप सुटतो, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब बसा, ही गंमत नाही. मऊ ट्रेलिंग एज बदलायचा कंटाळा आला, त्याऐवजी त्या तीन खणांत कोपऱ्या-कोपऱ्यातून तिरक्या काड्या घातल्या, एक मिमीच्या. तिरकी काडी मुरडीला जितकं धरते तितकं जाड ट्रेलिंग एज पण धरत नाही, आणि वजन वाढलं ०.१ ग्रॅम, माझ्या काट्यावर तर आकडा हललाच नाही नीट.

नवीन कागद लावायच्या आधी आटवून घेतला. जुन्या फोटोफ्रेमवर कडेने चिकटवून पाण्याचा हलका फवारा, वाळू दिला, परत फवारा, परत वाळवला. म्हणजे त्याला जेवढं आकसायचं तेवढं पंखावर चढायच्या आधीच आकसतो. चांगला जपानी टिश्यू मिळाला तर उत्तम, मी ह्यावेळी पतंगाचा पातळ ताव वापरला, जरा जड पडतो पण चालतो. कागदाची धार पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवायची, फाडून बघा, ज्या दिशेने सरळ फाटतो ती धार. आणि चिकटवायला पाणी घालून पातळ केलेलं फेविकॉल.

डोप म्हणजे आमच्या इथला पेंटवाला देतो ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर, निम्मं एनसी थिनर, आणि छोट्या बाटलीत एरंडेलाचे चार-पाच थेंब म्हणजे वाळल्यावर कडक होत नाही आणि फार आवळत नाही. एकच हात. दोन्ही पंखांना एकाच बसणीत, वर-खाली सारखा. आणि ओला असतानाच पंख सपाट बोर्डावर टाचण्यांनी बसवून टाकायचा, खाली हवा खेळायला काड्या ठेवून. दोन्ही टोकांना ट्रेलिंग एज १ मिमी वर राहील असा आधार दिला, कारण दोन्हीकडे सारखा वॉशआउट (टोकाची मागची कड वर) असला तर विमान स्टॉलमध्ये, म्हणजे नाक फार वर जाऊन लिफ्ट सुटते तेव्हा, एका पंखावर कोसळत नाही, आपल्याला वाकडेपणा नकोय तो दोघांमधल्या फरकाचा. एक आठवडा बोर्डावर. चार दिवसांत काढायचा मोह होतो. काढू नका.

दांड्या सगळ्यात शेवटी, आणि पंख त्या स्थितीत धरलेला असतानाच माप घेऊन. मागची दांडी आता शत्रू नाही, हत्यार आहे. अर्धा मिमी घासली की मागची कड खाली, अर्धा मिमीचा कागद चढवला की वर. डावी दांडी मुद्दाम किंचित आखूड ठेवलीय, म्हणजे डाव्या पंखाला अगदी थोडी जास्त लिफ्ट, टॉर्कला तेवढाच विरोध.

आता दोन-तीन गोष्टी ज्यांचं कारण वेगळं असतं पण लक्षण सेम दिसतं. नोज ब्लॉक सैल असेल तर वरचं सगळं वाया. माझी एक पाचर उडताना पडून गेली होती आणि मी अर्धी सकाळ रडरशी खेळत बसलो होतो, आता पाचर ब्लॉकलाच चिकटवतो आणि ब्लॉकवर वर कुठली बाजू ती पेनने खूण करतो. प्रोपेलरचा शाफ्ट वाकडा असेल तर प्रत्येक फेऱ्याला विमान थरथरतं, तो आधी सरळ करा. आणि रबर. माझ्या बॉडीत हुक ते मागचा खिळा ५ इंच आणि रबराचा वेढा १५ इंचाचा, म्हणजे पीळ सुटल्यावर ते सैल पडतं आणि शेपटीकडे गोळा होऊन बसतं, वजन मागे जातं आणि विमान स्टॉल मारून पंखावर पडतं. लोक म्हणतात डावीकडे झोपलं. झोपलं नाही, गटांगळी खाल्ली. सोडल्यापासून पहिल्या काही सेकंदात गेलं तर मुरड नाहीतर टॉर्क, शेवटी शेवटी गेलं तर रबराचा गोळा बघा. त्याला उपाय रबराची वेणी घालायची, थोडा पीळ देऊन दुमडायचं की ते स्वतःच वेणीसारखं बसतं आणि हुक ते खिळा अंतरात मावतं.

पिळाचे तक्ते बघून पीळ देऊ नका. प्रत्येक रबर वेगळं. त्याच लॉटमधली एक मोटर एरंडेल लावून तुटेपर्यंत पिळा, माझी १००० च्या आसपास गेली, म्हणून मी ७५० च्या वर जात नाही. पिळताना आधी चार पट ताणून अर्धा पीळ द्यायचा आणि मग पिळत पिळत पुढे यायचं. हे बहुतेकांना माहीत असतं, तरी ताणायचा कंटाळा करतात, मीही करायचो.

ह्या पावसाळ्यात विमान झाकणाच्या डब्यात ठेवलं, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि पंख बोर्डाला रबरबँडने बांधून. वसुबारसेच्या सकाळी काढलं, ओट्यावर मोजलं, दोन्हीकडे १ मिमी. मैदानावर साडेसहाला ३४ सेकंद, साडेआठला ३१, दोन्ही वेळा मोठ्या आळशी डाव्या वर्तुळात, एकच पाचर. साडेनऊचं उड्डाण राहिलं कारण तोवर क्रिकेटवाल्यांचा स्टंप लागला होता आणि त्यांच्यातल्या एकाला रबर पिळून बघायचं होतं, त्याने पिळलं ९००.

नवीन मोटर बनवायला घेतलीय.